अ‍ॅक्रॉइड केस: वाचनाच्या प्रकल्प नोंदी

५ जुलै

ऑफिसातून येताना करवीर नगर वाचन मंदिरात शिरले आणि पुस्तक घेऊनच बाहेर पडले. अगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’. इंग्रजी पेपरबॅक, पानं पिवळी पडलीत पण बाइंडिंग नव्याने केलेलं, हातात घट्ट बसतं. कादंबरी १९२६ ची. २०१३ साली इंग्लंडातल्या क्राइम रायटर्स असोसिएशनच्या लेखकांनी मतं देऊन आजवरची सर्वात भारी गुन्हेगारी कादंबरी म्हणून हीच निवडली, तेव्हापासून माझ्या यादीत होती.

प्रकल्प कसा ठरला ते लिहून ठेवते. आण्णा (माझे वडील) उद्यमनगरात फाउंड्रीत ड्राफ्ट्समन होते, आता रिटायर. तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू असे ढिगाने वाचलेत त्यांनी, आणि रहस्यकथांवर त्यांचा एकच जुना आक्षेप आहे, की वाचणाऱ्याला अर्धं सांगायचं आणि शेवटी कुठून तरी माणूस उभा करून म्हणायचं ह्यानं केला. मी म्हटलं चला, एक पुस्तक असं वाचू की तुमच्या ड्रॉइंगसारखं तपासता येईल. सगळी मापं पानावर आहेत का नाहीत बघू. तर मी इंग्रजी वाचणार आणि तिथल्या तिथे मराठीत सांगणार, आण्णा घराचा नकाशा आणि वेळांचा तक्ता काढणार, आणि खालच्या मजल्यावरची आत्या ऐकायला येणार, ती नुसती ऐकत बसणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. नोंदी ठेवायच्या हेही आण्णांचंच, काम म्हटलं की लॉगबुक पाहिजे.

नियम: पुस्तकात पेन्सिल लावायची नाही, खुणेला कागदाच्या पट्ट्या. नेटवर शोधायचं नाही. शेवटची प्रकरणं मी आत्ताच रबरबँड लावून बंद केलीत. आणि खुनी कोण हे या वहीत कुठेही लिहायचं नाही, वही घरात कुणाच्याही हाती लागते.

६ जुलै

पहिली दोन प्रकरणं. पहिलं वाक्यच तारखेचं: फेरर्स बाई १६-१७ सप्टेंबरच्या रात्री गेल्या, गुरुवार होता. आण्णांनी लगेच थांबवलं, साल कुठलं? साल दिलेलं नाही. मोबाइलच्या कॅलेंडरवर मागे गेले तर १९२६ ला १६ सप्टेंबर खरंच गुरुवारी येतो (१९२० लाही येतो). पुस्तक बाहेर आलं जून १९२६ ला, म्हणजे छापलं तेव्हा ती तारीख अजून उगवायचीच होती. आण्णा म्हणाले, “तारीख जुळली, चला, बाई कामाची हाय.”

सांगतोय गावचा डॉक्टर, शेपर्ड. किंग्ज अ‍ॅबट नावाचं खेडं, त्यात मोठी घरं दोनच, एक फेरर्स बाईंचं आणि एक रॉजर अ‍ॅक्रॉइडचं, त्याच्या घराचं नाव फर्नली. बाई व्हेरोनलच्या जादा डोसने गेल्या, झोपेचं औषध ते. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या दवाखान्यात औषधं द्यायचं काम केलेलं, त्यामुळे तिच्या पुस्तकात विष किंवा औषध आलं की ते हवेतलं नसतं.

आत्याला डॉक्टरची बहीण कॅरोलाइन एका पानात आवडली. ही बाई घराबाहेर न पडता गावातली बातमी गोळा करते, दूधवाला, मोलकरीण, शेजारीण. आत्या म्हणाली, “हिला कशाला पोलीस पाहिजेत!” ख्रिस्तीनेच आत्मचरित्रात लिहिलंय की कॅरोलाइन लिहिताना जी मजा आली त्यातूनच पुढे मिस मार्पल ही तिची म्हातारी डिटेक्टिव्ह आली असावी, मार्पलची पहिली कादंबरी १९३० ची. हे मी आत्याला सांगितलं तर तिने मिस मार्पलच्या पुस्तकांची नावंच लिहून मागितली.

९ जुलै

पाऊस थांबेना. लाइट गेली म्हणून आज बॅटरीवर वाचलं आणि खुनाच्या प्रकरणाला ते बरंच झालं.

पॉयरो आला, ख्रिस्तीचा डिटेक्टिव्ह. रिटायर होऊन शेजारी दुधीसारखी भाजी लावतोय, वैतागून एक फळ भिंतीवरून पलीकडे भिरकावतो ते डॉक्टरच्या अंगणात पडतं, अशी त्याची एंट्री. आण्णांना रिटायर माणसाचं ते वैतागणं फार पटलं.

आणि मग फर्नलीतलं जेवण आणि खून. ही प्रकरणं सावकाश वाचायची, मी एकेक वाक्य दोनदा सांगितलं. आण्णांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे तक्ता सुरू केलाय:

साडेसात, डॉक्टर जेवायला फर्नलीत.
आठ चाळीस, बटलर पार्कर टपाल घेऊन स्टडीत येतो, त्यात मेलेल्या फेरर्स बाईंचं पत्र.
आठ पन्नास, डॉक्टर निघतो.
नऊ, चर्चच्या घड्याळाचे ठोके, गेटपाशी एक अनोळखी माणूस फर्नलीचा रस्ता विचारतो.
नऊ दहा, डॉक्टर घरी.
साडेनऊ, सेक्रेटरी रेमंडला स्टडीतून अ‍ॅक्रॉइडचा आवाज ऐकू येतो.
पावणेदहा, पुतणी फ्लोरा सांगते मी काकाला गुडनाइट म्हणून आले.
सव्वादहा, डॉक्टरच्या घरी फोन, अ‍ॅक्रॉइडचा खून झालाय.

फोन पार्करने केला असं डॉक्टर म्हणतो आणि पार्कर म्हणतो मी फोन केलाच नाही. दार आतून बंद, फोडून आत गेले तर अ‍ॅक्रॉइड खुर्चीत, मानेखाली ट्युनिशियाचा सुरा. खिडकी उघडी, कठड्यावर बुटांचे ठसे.

आत्या घरी जायला उठली ती परत बसली.

१३ जुलै

फोनवर एवढा वाद झाला की वाचन बाजूलाच राहिलं. चौकशीत कळतं की फोन किंग्ज अ‍ॅबट स्टेशनवरच्या पब्लिक फोनवरून आला होता आणि दहा तेवीसला तिथून लिव्हरपूलची रात्रीची मेल सुटते. आण्णा म्हणतात फोन करून गाडी पकडली, सरळ आहे. आत्या म्हणते सरळ आहे म्हणूनच तसं नाही. “खून करून पळायचं तर गप पळ की. सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. फोन कशाला करायचा?”

मला तिचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. फोन कुणी केला हे शोधायला पोलीस आहेतच, फोन झाल्याने काय बदललं हे कुणीच विचारत नाही. बदललं एवढंच की खून सकाळऐवजी रात्रीच उघडकीला आला. त्यात कुणाचा फायदा? आण्णांनी तक्त्याच्या कडेला मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

१४ जुलै

नकाशा. पुस्तकात घराच्या उजव्या भागाचा कच्चा नकाशा आहे आणि पुढे स्टडीचा वेगळा. आण्णांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला, मिनी ड्राफ्टर पुसून तेल लावलं, ट्रेसिंग पेपर महाद्वार रोडवरून मीच आणून दिला. टायटल ब्लॉकसकट काम चाललंय, कोपऱ्यात लिहिलंय ‘फर्नली, स्टडी, स्केल १:२०’.

अडचण अशी की पुस्तकात खोलीची मापं नाहीत. आण्णा चिडले, हे त्यांच्या लेखी मोठं न्यून. मग मजकुरात जेवढं मिळतं त्यावरून सुरू केलं: दार कुठे, खिडकी कुठे, शेकोटी कुठे, टेबलं कुठे, बाहेर लॉबी आणि तिथूनच वर बेडरूमला जाणारा जिना. खोली त्यांनी अंदाजाने धरली आणि तसं ड्रॉइंगवर ‘गृहीत’ म्हणून लिहिलंही.

२० जुलै

आठवडाभर जीएसटी रिटर्नच्या गडबडीत वाचन नाही. आज वेळ मिळाला आणि नेमकं खुर्चीचं पान निघालं, ह्याची नोंद नीट करते कारण मला वाटतं अख्ख्या पुस्तकाचं इंजिन इथे आहे.

पॉयरो पार्करला विचारतो, दार फोडून आत आलात तेव्हा खोली आत्ता आहे तश्शीच होती का? पार्कर जरा विचार करून सांगतो की ही उंच पाठीची खुर्ची तेव्हा थोडी पुढे ओढलेली होती. दाखव म्हटल्यावर तो ती भिंतीपासून चांगली दोन फूट पुढे ओढतो आणि बैठक दाराकडे वळवतो. पॉयरो म्हणतो अशा जागी कुणी बसणार नाही. मग परत जागेवर कुणी ढकलली? पार्कर म्हणतो मी नाही, डॉक्टर म्हणतो मी नाही. पुढे डॉक्टर विचारतो हे महत्त्वाचं आहे का, तर पॉयरो म्हणतो अजिबात नाही, म्हणूनच तर गंमत आहे.

आता बघा, दोन फूट. अख्ख्या खोलीत आण्णांना मिळालेलं हे एकच खरं माप. १:२० ला म्हणजे कागदावर साधारण ३० मिलिमीटर. त्यांनी पुठ्ठ्याची खुर्ची कापली, खाली टाचणी लावून नकाशावर बसवली, दाराच्या मधोमध दुसरी टाचणी, तिला शिलाईचा दोरा, आणि दोरा ताणून हळूहळू फिरवत नेला. खुर्ची भिंतीला असताना दोरा खिडकीजवळच्या लहान टेबलापर्यंत सरळ जातो. खुर्ची ३० मिलिमीटर पुढे घेतली की दोरा पाठीवर अडतो आणि टेबल पूर्ण झाकलं जातं.

आण्णा काही न बोलता उठले आणि हॉलमधली लाकडी खुर्ची भिंतीपासून पुढे ओढून दाराकडे तोंड करून ठेवली, तिच्या उंच पाठीमागे स्टुलावर भडंगाचा डबा. आत्याला म्हणाले, “बाहेर जा आणि घाईघाईनं आत ये, कुणीतरी मेलंय असं समजून.” आत्या आली. “काय दिसलं?” “तू दिसलास, खुर्ची दिसली.” “डबा?” “कुठला डबा?”

म्हणजे खुर्ची बसायला ओढली नव्हती, झाकायला ओढली होती, आणि झाकायचं ते टेबलावर होतं, आणि नंतर ते तिथे राहिलं नसणार म्हणून खुर्ची परत जागेवर गेली. काय होतं ते कळलं नाही. पण लेखिकेने हे सगळं आपल्या हातात उघड दिलंय, बटलरच्या तोंडून, कंटाळवाण्या चौकशीच्या मधोमध, जिथे वाचणारा पान उलटायच्या नादात असतो. याला कारागिरी म्हणतात. आण्णांच्या तोंडावरनं दिसत होतं की त्यांना हे फार आवडलंय, पण बोलले एवढंच की पुढं बघू.

२६ जुलै

बरीच प्रकरणं झाली. तळ्यात लग्नाची अंगठी सापडली, आत कोरलंय, आर कडून, १३ मार्च. आत्याने बोटावर मोजले: रॉजर, राल्फ पेटन (अ‍ॅक्रॉइडचा सावत्र मुलगा, खुनापासून गायब), रेमंड, आणि घर सांभाळणारी मिस रसेल. सगळे आर वालेच. पॉयरो पुढे हीच यादी करतो, तेव्हा आत्याने माझ्याकडे असं बघितलं की बास.

टेबलाभोवतीच्या बैठकीचं प्रकरण झालं. पॉयरो सगळ्यांना एकत्र बसवून तोंडावर सांगतो की या खोलीतला प्रत्येक जण माझ्यापासून काहीतरी लपवतोय. इथून पुढे पुस्तक वेगळ्या रीतीने वाचावं लागतं. अर्नाळकरांच्या कथेत मला आठवतं तसं थरार पाठलागाचा असतो, वेषांतर, दबा धरून बसणं, आणि तो मला आजही आवडतो. इथे पाठलाग माणसाच्या खोटेपणाचा आहे. एकीने चोरी लपवलेली, एकाने प्रेम, एकाने जुनं ब्लॅकमेल, एकीने लग्न (कोण ते लिहीत नाही). प्रत्येक खोट्याला त्या माणसापुरतं खरं कारण आहे. एकेक खोटं गळून पडलं की आण्णांच्या तक्त्यातली एकेक वेळ बदलते. आज एक मोठी वेळ पूर्णच खोडली, आणि ती गेल्यावर खुनाची वेळच मोकळी झाली. आण्णा म्हणाले एक चुकीचं डायमेन्शन पुसलं की बाकीचा जॉब आपोआप जुळायला लागतो.

माजाँगचं प्रकरण मात्र निव्वळ आनंद. चौघं जण खेळतायत आणि खेळता खेळता गावभरच्या बातम्यांची देवाणघेवाण, कुणाचं पान कुठे पडलं याचं भान नाही. आम्हाला कुणाला तो खेळ येत नाही पण रमीच्या डावावर आत्याच्या मैत्रिणी बसतात तेव्हा अस्संच असतं. हे प्रकरण मी दोनदा वाचून दाखवलं, आत्याच्या फर्माइशीवर.

२ ऑगस्ट

शेवटची तीन प्रकरणं राहिलीत. पॉयरोने सगळ्यांना परत गोळा केलं, खुनी याच खोलीत आहे म्हणाला आणि सांगितलं की उद्या खरं काय ते इन्स्पेक्टर रॅग्लनकडे जाणार. इथे थांबायचं ठरलं होतं. तिघांनी चिठ्ठ्या लिहिल्या, नाव आणि कारण, नुसतं नाव चालणार नाही. पाकिटं बंद करून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली. आण्णांनी चिठ्ठी लिहायच्या आधी तक्ता पहिल्यापासून वाचून काढला आणि एका ओळीभोवती लाल पेनने गोल केला. कुठली ओळ ते त्यांनी झाकून ठेवलं.

उद्या लवकर जेवायचं.

३ ऑगस्ट

संपलं.

रबरबँड काढला आणि शेवटचं प्रकरण वाचून होईपर्यंत कुणी चहासुद्धा मागितला नाही. चिठ्ठ्यांत काय होतं ते इथे लिहीत नाही. एवढं लिहिते की लाल गोल होता ती ओळ पॉयरोनेही धरली, आणि खुर्ची, फोन, ते टेबल, तिन्हींचं एकच उत्तर निघालं.

नंतर रात्री उशिरापर्यंत भांडण. आण्णांचं म्हणणं फसवलं. माझं म्हणणं एकही खोटं वाक्य नाही, दाखवा. आत्याचं म्हणणं की माणूस सांगतो तेवढंच आपण ऐकतो आणि जे वगळतो त्याचा आवाज होत नाही, ते आपणच ऐकायचं असतं. हे भांडण आमचं एकट्यांचं नाही, पुस्तक आलं तेव्हाही असंच झालं होतं, काहींनी ख्रिस्तीने नियम मोडला म्हणून ओरड केली आणि रहस्यकथा लिहिणारीच डोरोथी सेयर्स तिच्या बाजूने उभी राहिली, की वाचकाचं कामच सगळ्यांवर संशय घ्यायचं आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्या व्हॅन डाइनचे वीस नियम १९२८ चे आणि तसल्याच रोनाल्ड नॉक्सचे दहा १९२९ चे, म्हणजे रहस्यकथेत काय चालतं नि काय नाही हे त्या काळात लोक चक्क कलमं पाडून लिहीत होते. आणि त्याच १९२६ च्या डिसेंबरात ख्रिस्ती स्वतः गायब झाली, ३ तारखेला घरातून गेली ती १४ ला हॅरोगेटच्या हॉटेलात सापडली. आत्या म्हणाली तिच्या पाठी लागू नका, गेली असेल जीव शांत करायला.

आण्णांनी शेवटी अट घातली: परत वाच. पहिल्यापासून. एकेक वाक्य तपासतो.

१० ऑगस्ट

दुसरं वाचन, आणि मी ठामपणे लिहिते की हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय वाचलं असं म्हणूच नये. पहिल्यांदा आपण गोष्टीच्या मागे धावतो, आता धावायचं काही नाही, त्यामुळे शब्द दिसतात. साधी साधी वाक्यं, जी मी पहिल्यांदा घाईने मराठीत सांगून टाकली होती, ती आता जागच्या जागी थांबवतात. कागदाच्या पट्ट्या इतक्या झाल्यात की पुस्तक बंद होत नाही. एक जागा तर अशी आहे की तिथे दोन वाक्यांच्या मध्ये अख्खा खून बसलाय आणि दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी आहेत. आण्णांनी ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली, इंग्रजीतच वाच म्हणाले, कळत नसलं तरी, शब्द किती आहेत ते ऐकायचं होतं.

मग म्हणाले, “खोटं न्हाई बोलली बाई. खरं, लई हुशार हाय.”

रणजित देसाई, शिवाजी सावंत असं भारदस्त वाचणारी माणसं खूनकथेला टाइमपास म्हणतात, माझ्याच ऑफिसात म्हणतात. मला ते पटत नाही. अक्षर न् अक्षर मोजून एवढं प्रामाणिक लिहायचं आणि तरी वाचणाऱ्याला जमिनीवरून उचलायचं, याला जी शिस्त लागते ती कुठल्याही मोठ्या कादंबरीच्या तोडीची आहे.

१६ ऑगस्ट

पट्ट्या काढल्या, पुस्तक वाचन मंदिरात परत दिलं. काउंटरवर पुढे एक कॉलेजचा मुलगा उभा होता, त्याने कव्हर बघून कसं आहे विचारलं. मी फक्त एवढंच सांगितलं की वेळा लिहून काढ आणि पार्कर खुर्चीबद्दल बोलेल तेव्हा लक्ष दे.

आण्णांनी ड्रॉइंग पूर्ण केलं. ‘तपासले’च्या रकान्यात सही केली, पण रिमार्कमध्ये लिहिलंच, ‘खोलीची मापे दिलेली नाहीत’. ते मत बदलणार नाही म्हणाले.

पुढचं पुस्तक ठरलं, ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’, १९३४ चं. ख्रिस्तीचंच, पॉयरोचंच, आणि त्यात रेल्वेच्या डब्याचा नकाशा छापलेला आहे. आण्णा आत्ताच विचारतायत की त्या काळच्या स्लीपर डब्याचा कंपार्टमेंट किती रुंद असायचा, ते आधी मिळव मग मी स्केल ठरवतो. आत्याची अट एकच, बर्फात अडकलेली गाडी आहे म्हणता, तर पाऊस आहे तोवर वाचून घ्या.